टीव्ही-रेडिओच्या धोरणात बघणाऱ्याला कोण विचारतं? वाचकांचे प्रश्न

मागच्या अंकात ब्रॉडकास्टिंग आणि टेलिकॉम धोरणातल्या जनहिताच्या लढायांवर लिहिलं होतं, त्यावर बरीच पत्रं आली. सगळी घेता येणार नाहीत, पण ज्या प्रश्नांची उत्तरं इतरांच्याही कामाची आहेत ती निवडलीत. पहिल्या प्रश्नाला जास्त जागा दिलीय, कारण बाकीचं सगळं त्यावरच उभं आहे.

ताई, नमस्कार. एअरवेव्हज, म्हणजे रेडिओ-टीव्हीच्या लहरी, जनतेच्या मालकीच्या असतात असं तुम्ही लिहिलंत. पण लायसन्स सरकार देतं, पैसा कंपनी लावते, जाहिरातींचं उत्पन्न कंपनीला जातं. मग आम्ही बघणारे यात नक्की कोण? (एक निवृत्त शिक्षिका)

नमस्कार बाई. रेडिओच्या फ्रिक्वेन्सी मोजक्याच असतात, एकाच फ्रिक्वेन्सीवर दोघं बोलायला लागले की कुणाचंच धड ऐकू येत नाही, त्यामुळे एकाला द्यायची आणि बाकीच्यांना नाही म्हणायचं हे काम कुणाला तरी करावंच लागतं. मग ज्याला मिळाली त्याने बदल्यात काय द्यायचं? अमेरिकेने १९२७ च्या रेडिओ कायद्यात आणि नंतर १९३४ च्या कम्युनिकेशन्स कायद्यात लिहून ठेवलं की लायसन्स लोकांचं हित, सोय आणि गरज बघून द्यायचं. आपल्या सुप्रीम कोर्टाने ९ फेब्रुवारी १९९५ ला क्रिकेट असोसिएशन ऑफ बंगालच्या केसमध्ये असंच सांगितलं. वाद होता १९९३ च्या हिरो कपच्या मॅचेस कोण दाखवणार याचा, पण न्या. पी. बी. सावंत, न्या. एस. मोहन आणि न्या. जीवन रेड्डी यांच्या खंडपीठाने मॅचच्या पलीकडे जाऊन म्हटलं की एअरवेव्हज ही सार्वजनिक मालमत्ता आहे, तिच्यावर सरकारची मक्तेदारी चालणार नाही, आणि तिचा वापर लोकांच्या भल्यासाठी व्हावा म्हणून स्वतंत्र सार्वजनिक संस्था नेमा.

हे झालं कागदावरचं. पण कागदावर मालक असणं वेगळं आणि मालक म्हणून दारात उभं राहिल्यावर कुणी आत घेणं वेगळं. तुम्ही विचारलंत ना, आम्ही कोण? अमेरिकेत १९६६ पर्यंत याचं कायदेशीर उत्तर होतं 'कुणी नाही'. लायसन्सच्या सुनावणीत बाजू मांडायचा हक्क दोघांनाच होता, एक म्हणजे ज्याचं धंद्याचं नुकसान होतंय असा दुसरा स्टेशनवाला, आणि दुसरा ज्याच्या सिग्नलमध्ये अडथळा येतोय तो. बघणाऱ्याचं ना धंद्याचं नुकसान ना सिग्नलचं, म्हणून त्याने घरी बसायचं.

हे बदललं मिसिसिपी राज्यातल्या जॅक्सन शहरातल्या एका स्टेशनमुळे. डब्ल्यूएलबीटी त्याचं नाव. स्टेशनच्या भागात जवळजवळ ४५ टक्के लोक कृष्णवर्णीय होते आणि पडद्यावर ते जवळपास दिसतच नव्हते, दिसले तरी अपमानास्पद उल्लेखात. १९५५ मध्ये थर्गूड मार्शल हे नागरी हक्कांचे वकील राष्ट्रीय नेटवर्कवर बोलत होते तेव्हा या स्टेशनने प्रक्षेपण तोडलं आणि 'सॉरी, केबल ट्रबल' अशी पाटी लावली. लोकांनी तक्रारी केल्या, पण तक्रारी कुठे जातात हे तुम्हाला माहितीये. मग एव्हरेट पार्कर नावाचे पाद्री, युनायटेड चर्च ऑफ ख्राइस्टच्या कम्युनिकेशन ऑफिसचे प्रमुख, यांनी वेगळा मार्ग धरला. मार्च १९६४ मध्ये त्यांनी स्थानिक स्वयंसेवकांना एक आठवडाभर टीव्हीसमोर बसवलं. प्रक्षेपण सुरू झाल्यापासून संपेपर्यंत काय दाखवलं, कोण बोललं, कुणाला कसं संबोधलं, कृष्णवर्णीय माणूस किती वेळ दिसला, सगळं वेळेसकट लिहून काढायचं. धोका इतका होता की या लोकांची नावं गुप्त ठेवावी लागली.

ती वही आणि स्थानिक रहिवाशांपैकी आरॉन हेन्री आणि रॉबर्ट स्मिथ यांची नावं अर्जावर घेऊन ते फेडरल कम्युनिकेशन्स कमिशनकडे, म्हणजे एफसीसीकडे गेले आणि म्हणाले याचं लायसन्स पुढे चालू ठेवू नका. कमिशन म्हणालं तुम्हाला बाजू मांडायचा हक्कच नाही, आणि स्टेशनला एक वर्षाची मुदतवाढ दिली. प्रकरण कोर्टात गेलं. १९६६ मध्ये न्यायाधीश वॉरन बर्गर यांनी निकाल दिला की बघणाऱ्यांचे जबाबदार प्रतिनिधी लायसन्सच्या सुनावणीत उभे राहू शकतात, आणि त्यात एक मुद्दा असा होता की पैशाचीच गोष्ट करायची तर लोकांनी रेडिओ-टीव्ही संचांमध्ये घातलेला पैसा स्टेशनवाल्यांच्या पैशापेक्षा कितीतरी जास्त आहे. मला हा मुद्दा फार आवडतो कारण तो हिशोबाच्या भाषेत बोलतो, दयेच्या नाही. तरी कमिशनने सुनावणीत प्रेक्षकांनाच धारेवर धरलं आणि पुन्हा स्टेशनला लायसन्स दिलं. शेवटी १९६९ मध्ये कोर्टाने ते रद्द केलं. अंतरिम काळात स्टेशन दुसऱ्या संस्थेच्या ताब्यात गेलं आणि १९७२ मध्ये विल्यम डिल्डे हे कृष्णवर्णीय गृहस्थ तिथले जनरल मॅनेजर झाले.

तर बाई, यात तुम्ही कोण? तर ज्यांची दखल घ्यावीच लागेल असा एक पक्ष, पण स्वतः हजर राहिलात तर, आणि हातात नोंद असेल तर. एफसीसीला त्या स्टेशनचा राग येत होता की नाही हा प्रश्नच नव्हता, त्यांच्या फाईलमध्ये एका आठवड्याची नोंद येऊन पडली होती आणि तिच्यावर काहीतरी म्हणणं त्यांना भाग होतं. या सगळ्या क्षेत्रात मी इतकी वर्षं जे बघतेय ते हेच, की निर्णय फाईलवरून होतो आणि फाईलमध्ये कंपन्यांचे कागद आपोआप येतात, आपले कुणीतरी नेऊन ठेवावे लागतात.

ट्राय (टेलिकॉम नियामक) आणि मंत्रालयं हरकती-सूचना मागवतात तेव्हा आमच्या ग्रुपवर एक तयार ईमेल येतो, नाव घालायचं आणि सेंड करायचं. मी दोनदा केलंय. पण कुणी वाचतं का ते? की नुसती संख्या मोजतात? (कॉलेजमधली वाचक)

संख्या मोजतात, पण संख्येने काय होतं ते नीट समजून घे, कारण यात दोन्ही बाजूंचा अनुभव आपल्याकडेच झालाय.

मार्च २०१५ मध्ये ट्रायने इंटरनेटवरच्या ॲप्सना कसं रेग्युलेट करायचं यावर ११८ पानांचा पेपर काढला, त्यात २० प्रश्न होते. सामान्य माणूस ११८ पानं वाचणार नाही हे उघड होतं. काही वकील, पत्रकार आणि सॉफ्टवेअरवाल्या मुलामुलींनी एकत्र येऊन त्या प्रश्नांची सोप्या भाषेत उत्तरं तयार केली, एक साइट काढली, आणि १० लाखांहून जास्त ईमेल ट्रायकडे गेले. त्यामुळे विषय चव्हाट्यावर आला, संसदेत बोललं गेलं, कंपन्यांना माघार घेऊन बोलावं लागलं. हे संख्येचं काम, आणि ते खरंच मोठं होतं. (ट्रायने ते ईमेल पाठवणाऱ्यांच्या पत्त्यांसकट जाहीर करून टाकले होते, तेव्हा पाठवताना तेवढं लक्षात ठेव.)

मग डिसेंबर २०१५ मध्ये दुसरा पेपर आला, वेगवेगळ्या साइट्सना वेगवेगळा डेटा दर लावू द्यायचा का यावर, त्यात चारच प्रश्न होते. तेव्हा फेसबुकने निवडक साइट्स फुकट दाखवणाऱ्या आपल्या फ्री बेसिक्ससाठी युजर्सकडून लाखो तयार मेसेज पाठवून घेतले. ट्रायने काय म्हटलं, की आम्ही विचारलेल्या प्रश्नांची उत्तरं यात नाहीत. लाखो मेसेज, पण प्रश्नाला उत्तर नाही म्हटल्यावर त्यांचं वजन पडलं नाही. ८ फेब्रुवारी २०१६ ला ट्रायने भेदभावी डेटा दरांवर बंदी घातली, मोडलं तर दिवसाला ५० हजार रुपये दंड, जास्तीत जास्त ५० लाखांपर्यंत.

आणि नुसत्या संख्येवर भिस्त ठेवली की काय होतं ते अमेरिकेत २०१७ मध्ये दिसलं. नेट न्यूट्रॅलिटीवर, म्हणजे कंपन्यांनी सगळ्या साइट्सना सारखंच वागवावं या नियमावर, एफसीसीकडे सव्वादोन कोटींच्या आसपास कॉमेंट्स आल्या. न्यूयॉर्कच्या ॲटर्नी जनरलनी तपास करून २०२१ मध्ये सांगितलं की त्यातल्या जवळजवळ १ कोटी ८० लाख खोट्या होत्या. ८५ लाख तर ब्रॉडबँड कंपन्यांनी पैसे पुरवलेल्या मोहिमेतल्या, खऱ्या माणसांची नावं त्यांना न विचारता वापरलेली, आणि दुसऱ्या बाजूनेही एका १९ वर्षांच्या विद्यार्थ्याने ७७ लाख कॉमेंट्स कॉम्प्युटरवरून बनवून टाकल्या होत्या. यात नुकसान कुणाचं झालं तर ज्यांनी खरोखर बसून चार ओळी लिहिल्या त्यांचं, कारण त्यांचं पत्र त्या ढिगात गेलं.

म्हणून तयार ईमेल पाठवायचा असेल तर पाठव, काही वाईट नाही, पण त्यातला निदान एक परिच्छेद स्वतःचा असू दे. प्रश्न क्रमांक लिही, त्याच्याखाली तुझं उत्तर, आणि उत्तराला तुझ्याकडचा पुरावा. तू विद्यार्थिनी आहेस, तर कुठल्या प्लॅनमध्ये कुठली अभ्यासाची साइट उघडत नव्हती, कधी, स्क्रीनशॉट आहे का, हे लिही, कारण कंपनीकडे सगळ्या जगाचा डेटा असेल पण हा नाही. आणखी एक, पहिल्या मुदतीनंतर दुसरी मुदत असते, त्यात इतरांच्या म्हणण्यावर उलट टिपण देता येतं. बहुतेक लोकांना हे माहितीच नसतं. कंपन्यांनी काय लिहिलंय ते ट्रायच्या साइटवर लागतं, ते उघडून वाच आणि जिथे नुसता दावा आहे, आकडा नाही, तिथे बोट ठेव. खूप ज्ञान लागत नाही त्याला, चिकाटी लागते.

आता वाचतं का कुणी. ट्रायच्या कायद्यात कलम ११(४) आहे, काम पारदर्शकपणे करा असं सांगणारं. मे २०१६ मध्ये सुप्रीम कोर्टाने ट्रायचा कॉल ड्रॉपचा नियम रद्द केला, तुटलेल्या प्रत्येक कॉलला ग्राहकाला एक रुपया, दिवसाला जास्तीत जास्त तीन, असा तो नियम होता. कंपन्या गेल्या होत्या कोर्टात. कोर्टाने इतर कारणांबरोबर हेही म्हटलं की पारदर्शकता म्हणजे आलेल्या म्हणण्यांचा विचार करून कारणांसकट उत्तर देणं, आणि काही कॉल ग्राहकाच्या बाजूने तुटतात असं सांगणारा ट्रायचाच एक टेक्निकल पेपर होता त्याकडे लक्ष दिलं गेलं नाही. ग्राहकांच्या भल्याचा नियम पडला याचं मला वाईट वाटलं, अजून वाटतं. पण जे हत्यार कंपन्यांनी वापरलं ते तुझ्याही हातात आहे, तुझा मुद्दा फाईलमध्ये असेल आणि त्यावर कारणच दिलं नसेल तर त्या आदेशात फट राहते.

मॅडम, स्पष्ट बोलतो. हे जनहितवाले म्हणजे मूठभर लोक, जनहित काय ते स्वतःच ठरवतात आणि शेवटी मागणी काय तर हे बंद करा ते बंद करा. सेन्सॉरशिपला जनहित म्हणायचं का? (एक नियमित वाचक)

नाही म्हणायचं. आणि तुमची शंका रास्त आहे, अशी माणसं या क्षेत्रात होती आणि आहेत. ब्रिटनमध्ये मेरी व्हाइटहाऊस यांनी १९६५ मध्ये प्रेक्षकांची संघटना काढली, ती मुख्यतः पडद्यावरच्या अश्लीलतेविरुद्ध आणि हिंसेविरुद्ध. त्यांना पाठिंबाही मोठा होता. मला स्वतःला तो मार्ग पटत नाही, कारण आपल्याला न आवडणारं बंद करायची सत्ता एकदा तयार झाली की ती पुढे कुणाच्या हातात जाईल ते आपल्याला ठरवता येत नाही.

पण जनहिताचं काम म्हणजे तेवढंच नाही. १९६६-६७ ची गोष्ट सांगते. जॉन बँझाफ नावाच्या तरुण वकिलाने न्यूयॉर्कच्या डब्ल्यूसीबीएस टीव्हीला पत्र लिहिलं, की तुम्ही दिवसभर सिगारेटच्या जाहिराती दाखवता, मग धूम्रपानाचा धोका सांगायलाही वेळ द्या. त्या काळी अमेरिकेत फेअरनेस डॉक्ट्रिन होतं, १९४९ पासूनचं, वादाच्या विषयावर दुसरी बाजूही दाखवायला लावणारं. स्टेशन नाही म्हणालं, बँझाफ एफसीसीकडे गेले, आणि एफसीसीने सांगितलं की वेळ द्यावा लागेल. नीट बघा, त्यांनी जाहिरात बंद करा म्हटलंच नव्हतं, दुसरी बाजू ऐकवा म्हटलं होतं. मग फुकटच्या वेळेत धूम्रपानविरोधी संदेश इतके दिसायला लागले की सिगारेटची विक्री घसरायला लागली आणि जाहिराती टीव्ही-रेडिओवरून हटवायला कंपन्यांचाही विरोध मावळला. १९७० मध्ये कायदा झाला आणि २ जानेवारी १९७१ पासून त्या बंद झाल्या.

आता याची दुसरी बाजू, कारण तुम्ही स्पष्ट बोललात तर मीही बोलते. त्याच डॉक्ट्रिनचा वापर राजकीय विरोधकांच्या रेडिओ स्टेशनांना तक्रारींनी हैराण करायलाही झाला. स्टेशनवाले म्हणायचे कटकट नको, वादाचा विषयच नको. १९६९ मध्ये अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने रेड लायन केसमध्ये ते डॉक्ट्रिन उचलून धरलं, प्रेक्षक-श्रोत्यांचा हक्क ब्रॉडकास्टरच्या हक्कापेक्षा वरचा असं म्हटलं, पण १९८७ मध्ये एफसीसीनेच ते काढून टाकलं. मला वाटतं त्या निकालातलं तत्त्व बरोबर होतं आणि नियम मात्र सरकारी माणसाला मजकुराच्या फार जवळ नेणारा होता.

म्हणून माझी स्वतःची कसोटी अशी, की मागणी कशाची आहे ते बघायचं. आत येणाऱ्यांची संख्या वाढवणारी मागणी असेल, म्हणजे कम्युनिटी रेडिओला लायसन्स द्या, कॅप्शन द्या, मालकी कुणाची ते जाहीर करा, मसुदा सगळ्यांना एकाच वेळी दाखवा, तर मी तिच्या बाजूने असते. कुणाला तरी गप्प करणारी असेल तर दहादा विचार करते. आपल्याकडे २००६ मध्ये कम्युनिटी रेडिओ सामाजिक संस्थांना खुला झाला तो वर्षानुवर्षांच्या मागणीमुळे, त्याआधी २००२ पासून तो फक्त शिक्षणसंस्थांपुरता होता. २००८ मध्ये तेलंगणातल्या दलित शेतकरी बायकांचा संघम रेडिओ सुरू झाला, आपल्या बोलीत, आपल्या बियाण्यांबद्दल, आपल्या गाण्यांबद्दल बोलणारा. त्यात कुणाचं काय बंद झालं? उलट या स्टेशनांवर स्वतःच्या बातम्या द्यायला अजूनही मोकळीक नाही, आणि ती बंदी उठावी म्हणून भांडणारेही जनहितवालेच आहेत.

मूठभर लोक म्हणालात ते मात्र खरं आहे. ते मूठभर राहू नयेत म्हणून तर हे सदर आहे.

माझ्या मुलाला ऐकू येत नाही. टीव्हीवर सबटायटल नसतात, असले तर अर्धे असतात, कधी वाक्य संपल्यावर येतात. चॅनलला लिहिलं, धन्यवादाचं उत्तर आलं. पुढे काय करू? (एक आई)

तुम्ही लिहिलंत हे बरं केलंत, आणि ते धन्यवादाचं उत्तर डिलीट करू नका, तो तुमचा पहिला कागद आहे.

आधी हक्काचं सांगते. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा २०१६, त्यातल्या कलम २९ मध्ये सरळ लिहिलंय की ऐकू न येणाऱ्यांना टीव्ही कार्यक्रम सांकेतिक भाषा किंवा सबटायटलसह मिळतील अशी व्यवस्था सरकारने करायची. त्यावरून २०१९ मध्ये माहिती आणि प्रसारण मंत्रालयाने टीव्हीसाठी ॲक्सेसिबिलिटीचे निकष काढले, टप्प्याटप्प्याने अमलात आणायचे. म्हणजे तुम्ही मेहेरबानी मागत नाही आहात.

आता नोंद. अर्धे असतात, उशिरा येतात, हे तुम्ही मला सांगितलंत तसं ऑफिसात सांगितलं तर तिथे सहानुभूती मिळेल आणि विषय संपेल. त्यापेक्षा पंधरा दिवस एक वही करा. तारीख, वेळ, चॅनल, कार्यक्रम, आणि पुढे चार रकाने. हे चार रकाने मी मनाने सांगत नाही, अमेरिकेत एफसीसीने २०१४ मध्ये कॅप्शनच्या दर्जाचे हेच चार निकष ठरवलेत: शब्द अचूक आहेत का, आवाजाबरोबर येतात का, कार्यक्रमाच्या सुरुवातीपासून शेवटपर्यंत आहेत का, आणि पडद्यावर चेहरा किंवा महत्त्वाची माहिती झाकत नाहीत ना. तिथल्या बधिर लोकांच्या संघटनांनी २००४ मध्ये अर्ज केला होता, दहा वर्षं लागली. प्रत्येक नोंदीला मोबाईलवर पडद्याची काही सेकंदांची क्लिप काढा, आवाजासकट, म्हणजे उशीर किती ते दिसतं. मुलगा वाचण्याच्या वयाचा असेल तर त्याला काय कळलं नाही ते त्याच्याच शब्दांत लिहू द्या, त्याचं वजन वेगळं असतं.

ही वही जोडून आधी चॅनलला पुन्हा लेखी द्या आणि उत्तराची मुदत मागा. नाही आलं तर केंद्रातल्या दिव्यांगजन मुख्य आयुक्तांकडे तक्रार करता येते, ते हक्क डावलल्याची चौकशी करू शकतात. एकटीने करू नका, आणखी दोन-तीन कुटुंबं शोधा, एकाच कार्यक्रमाच्या नोंदी चार घरांतून आल्या की 'तुमच्या सेटचा प्रॉब्लेम असेल' हे उत्तर देता येत नाही.

आणि कुणी म्हणालं की एवढ्या थोड्या लोकांसाठी खर्च कशाला, तर टीव्हीच्या डीकोडरचं सांगा. अमेरिकेत पूर्वी कॅप्शन बघायला वेगळा बॉक्स विकत घ्यावा लागायचा. १९९० मध्ये कायदा झाला की १३ इंच आणि त्याहून मोठ्या प्रत्येक टीव्हीत ती सोय आतच हवी, १९९३ पासून लागू. आज कॅप्शन लावून बघणारे किती तरी लोक नीट ऐकू येणारे आहेत, आवाज बंद ठेवून मोबाईलवर बघणारे, भाषा शिकणारे, गोंगाटात बसलेले. मागणी मात्र ज्यांना ऐकू येत नव्हतं त्यांनी लावून धरली होती.

या सगळ्याला वकील लागतात, वेळ लागतो. कंपन्यांकडे पूर्ण डिपार्टमेंट असतं. जनहिताच्या बाजूने बसणाऱ्याला पैसे कोण देतं? (एक अकाउंटंट)

थोडक्यात सांगते, बहुतेक ठिकाणी कुणी नाही, देणग्यांवर चालतं. याचं मला माहीत असलेलं सगळ्यात शहाणपणाचं उत्तर कॅनडात आहे. तिथला नियामक, सीआरटीसी, टेलिकॉमच्या सुनावणीत ज्या ग्राहक संघटनेने कामाची भर घातली तिचा खर्च टेलिकॉम कंपन्यांना भरायला लावू शकतो. ब्रॉडकास्टिंगसाठी २०१२ मध्ये वेगळा फंड झाला. तिथलं पब्लिक इंटरेस्ट ॲडव्होकसी सेंटर १९७६ पासून चालू आहे ते या व्यवस्थेच्या आधारावर बऱ्यापैकी टिकलंय. यात गोम अशी की खर्च मिळण्यासाठी नुसतं हजर राहून चालत नाही, निर्णयाला उपयोग झाला असं दिसावं लागतं, म्हणजे पोकळ भाषणांना पैसे मिळत नाहीत. आपल्याकडे ट्राय ग्राहक संघटनांची नोंदणी करते, पण कॅनडासारखा खर्च वसूल करून द्यायची पद्धत नाही. ती यावी ही मागणी करायला हवी आणि ती तुमच्यासारख्या हिशोब कळणाऱ्या माणसाने मांडली तर जास्त पटेल. कंपनी आपल्या वकिलांचा खर्च शेवटी ग्राहकाच्या बिलातूनच काढते, मग ग्राहकाच्या वकिलाचा का नाही?

आम्ही पाच-सहा जण आहोत, काहीतरी करायचंय. पण प्रत्येक गोष्टीला दहा-वीस वर्षं लागतात असं तुमच्याच लेखात दिसतं. आमच्या हयातीत काही होईल का? आणि सुरुवात कुठून करायची? (ज्येष्ठ नागरिक, आमच्या गटाच्या वतीने)

काका, खोटा धीर देत नाही, वेळ लागतो. वॉशिंग्टनमध्ये मार्था राइट नावाच्या निवृत्त नर्स होत्या, अंध. त्यांचा नातू तुरुंगात होता आणि त्याला घरापासून लांबच्या राज्यांतल्या तुरुंगांत हलवत नेलं. त्या वाचू शकत नव्हत्या, प्रवास झेपत नव्हता, म्हणजे फोन एवढाच धागा. आणि तुरुंगातल्या फोनचे दर ठरवणारी कंपनी एकच, तिचा करार तुरुंगाशी, पैसे भरणार घरचे. औषधं घ्यायची की फोन, अशी वेळ त्यांच्यावर यायची. आधी त्या कोर्टात गेल्या, कोर्टाने एफसीसीकडे पाठवलं, २००३ मध्ये तिथे अर्ज केला. दहा वर्षं तो पडून राहिला. २०१३ मध्ये एफसीसीने राज्याबाहेरच्या कॉलना मर्यादा घातली, मिनिटाला २१ सेंट, आणि ज्यात बिल घरच्यांना लागतं त्या कॉलना २५. राज्याच्या आतल्या कॉलवर मात्र कोर्टाने म्हटलं तुम्हाला अधिकारच नाही. मार्था राइट २०१५ मध्ये गेल्या. जानेवारी २०२३ मध्ये एफसीसीला तो अधिकार देणारा कायदा झाला, त्यांच्याच नावाचा.

तर हयातीत काही होईल का? त्यांच्या हयातीत अर्धं झालं. २०१३ चा आदेश त्यांनी पाहिला, हजारो घरांना त्याने फरक पडला. आणि त्यांचा अर्ज पुढे नेणाऱ्यांमध्ये युनायटेड चर्च ऑफ ख्राइस्टचं तेच ऑफिस होतं, १९६४ मध्ये टीव्हीसमोर वह्या घेऊन माणसं बसवणारं. संस्था टिकली म्हणून अर्ज टिकला. तुम्ही पाच-सहा जण आहात आणि निवृत्त आहात, म्हणजे तुमच्याकडे जे कंपनीच्या वकिलाकडेही नसतं ते आहे, दिवसाचा मोकळा वेळ.

सुरुवातीला विषय एकच घ्या, आणि मोजता येणारा घ्या. जाहिरातींचंच घ्या ना, केबल टीव्हीच्या नियमांत तासाला जास्तीत जास्त १२ मिनिटं ठरलीत, १० व्यापारी जाहिरातींची आणि २ चॅनलच्या स्वतःच्या प्रमोशनची. यावर चॅनलवाले कोर्टात भांडलेत, म्हणजे विषय जिवंत आहे. एक चॅनल निवडा, संध्याकाळचे चार तास, एक आठवडा, दोघादोघांच्या पाळ्या लावा म्हणजे एकाची नोंद दुसरा ताडून बघेल. जाहिरात सुरू झाली ती वेळ, संपली ती वेळ, सेकंदासह. खालची पट्टी आणि कडेने येणाऱ्या जाहिराती वेगळ्या लिहा, त्या मोजायच्या की नाही यावरच पुढे वाद होईल. बेरीज करताना घड्याळी तास धरा आणि कसे मोजले ते पहिल्या पानावर लिहा, कारण समोरचा आधी तुमच्या पद्धतीवर बोट ठेवेल, आकड्यावर नाही.

कुठली बातमी आवडली नाही, कुठला अँकर ओरडतो, हे त्या वहीत अजिबात येऊ देऊ नका. राग खरा असेल, पण तो आला की चार तासांची मेहनत एका माणसाचं मत म्हणून बाजूला पडते.

आठवडा झाला की वहीची झेरॉक्स इकडे पाठवा, मूळ प्रत स्वतःकडे ठेवा. चॅनलला द्यायच्या पत्राचा मसुदा आपण पुढच्या अंकात याच जागेवर करू.